बोटीच्या ट्रेलरला अलॉय व्हील: ४,४०० चा नफा आणि २१,४०० चा धडा



मागच्या व्हिडिओत माझ्या मागे काउंटरवर एक प्लास्टिकचा डबा दिसत होता. त्यात एक तुटलेला स्टड, एक चकचकीत स्टेनलेस नट आणि अलॉय व्हीलचा एक तुकडा आहे. "सर, हा भंगार काउंटरवर कशाला ठेवलाय?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. आज त्याच डब्याची गोष्ट सांगतो. विषय बोटीच्या ट्रेलरच्या चाकांचा आहे, पण तुमचं किराणा दुकान असो की मोबाईल रिपेअरिंग, यातला हिशोब तुम्हालाही लागू पडेल.

माझं टायर आणि व्हीलचं दुकान कुडाळला. बीबीए करून आलो तेव्हा वाटायचं की विक्री म्हणजे ग्राहकाला 'हो' म्हणायला लावणं. आपणच कधी कधी 'नाही' म्हणायचं असतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते या डब्याने शिकवलं.

काय झालं?

दुकानात तेव्हा १३ इंची अलॉय व्हीलचा एक सेट आठ महिने पडून होता. ज्याने ऑर्डर दिली तो फिरकलाच नाही. डेड स्टॉक म्हणजे काय, ते दुकानदारालाच कळतं. रोज शटर उघडलं की तो सेट समोर, आणि डोक्यात एकच विचार, यात अडकलेले माझे १६,४०० रुपये कधी सुटणार?

ऑक्टोबरमध्ये तारकर्लीकडचे एक काका आले. त्यांचा वॉटर स्पोर्ट्सचा धंदा. दोन जेट स्की, दोन ट्रेलर. सकाळी ट्रेलर वाळूवरून पाण्यात उतरवायचा, मशीन सोडायचं, संध्याकाळी पुन्हा ओढून वर आणायचं. चाकं रोज दोनदा समुद्रात.

काका म्हणाले, "झिला, लोखंडी रिमा गंजतत. दर वर्साक नवी घालूची लागतत. काय तरी कायमचा सांग."

मी त्या सेटकडे बोट दाखवलं. "काका, अलॉय घ्या. ॲल्युमिनियम आहे, गंजायचा प्रश्नच नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं.

ट्रेलरच्या हबला पीसीडी जुळत होता. चारही चाकं बसली. वर मी स्वतःची हुशारी दाखवली. साधे नट गंजतील म्हणून ऑनलाइन मागवलेले स्टेनलेसचे कोन नट लावले. एअर गनने कचकचून आवळले. ५,२०० ला एक, चार चाकांचे २०,८०० झाले. खरेदी ४,१०० ची, म्हणजे चाकामागे १,१०० आणि एकूण ४,४०० नफा. डेड स्टॉक गेला, नफाही झाला. त्या रात्री मी घरी जाताना आईस्क्रीम घेऊन गेलो होतो.

फेब्रुवारीत जोडून सुट्ट्या आल्या. किनारा पर्यटकांनी भरलेला. काकांच्या एका ट्रेलरचा टायर ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूत पंक्चर झाला. ट्रेलरवर जेट स्की. पोरांनी जॅक लावला, नट खोलायला गेले. तीन नट कसेबसे आले. चौथा नट फिरला, पण स्टडसकट तुटून आला. तरी चाक निघेना. हबला असं चिकटलं होतं जसं वेल्डिंग केलंय. कुणीतरी हातोडा घेतला. चाक निघालं, पण काठाचा तुकडा उडाला. तोवर भरती चढायला लागली होती. दहा-बारा जणांनी मिळून मशीन उचलून बाहेर काढलं. अर्धा दिवस धंदा बंद, तोही सीझनच्या सगळ्यात मोठ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. ओरडले नाहीत. तुकडा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "तूच सांगलंस ना, गंजाचो प्रश्नच नाय म्हणान?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक कुठे झाली? धातूंचं साधं गणित

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तो आधी समजून घ्यायला हवा होता, हे खरं. सोप्या भाषेत सांगतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. असं पाणी वीज छान वाहून नेतं. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून अशा पाण्यात असले की त्यांची छोटी बॅटरी तयार होते, आणि दोघांतला एक धातू झिजून दुसऱ्याला वाचवतो. कोण आधी झिजणार याचा क्रम ठरलेला आहे. आपल्या कामाचे चार धातू घेतले तर आधी जस्त, मग ॲल्युमिनियम, मग साधं पोलाद, आणि सगळ्यात शेवटी स्टेनलेस.

आता माझं काम बघा. ॲल्युमिनियमचं चाक, पोलादाचा हब, पोलादाचा स्टड आणि वर स्टेनलेसचा नट. चाक हबला टेकतं तिथे ॲल्युमिनियम झिजलं आणि त्याची पांढरी पावडर तयार झाली. ही पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती फटीत ठासून भरते आणि चाक हबवर जाम होतं. नटाखाली कोन बसतो तिथे एअर गनने रंग आधीच फुटला होता. उघडं ॲल्युमिनियम आणि त्यावर स्टेनलेस, म्हणजे तिथेच खड्डे पडायला सुरुवात. आणि स्टडवरचं जस्ताचं पातळ पाणी संपल्यावर स्टेनलेस नटाच्या आतला पोलादाचा स्टड गंजत गेला. नट बाहेरून चकाचक आणि आतला स्टड अर्धा खाल्लेला. म्हणूनच तो तुटला.

"ॲल्युमिनियम गंजत नाही" हे अर्धसत्य आहे. लोखंडासारखा लाल गंज त्याला येत नाही, बरोबर. हवेत त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. पण मिठातलं क्लोराईड तो थर जागोजागी फोडतं आणि आत बारीक खड्डे पडतात. त्यातही ज्या अलॉयचा चेहरा मशीनने कापून चमकवलेला असतो, त्याच्यावर फक्त पारदर्शक लॅकर असतं. एका खड्याने टवका उडाला की मीठ आत शिरतं आणि लॅकरखाली किडा चालल्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरत जातात. माझा सेट नेमका तसाच होता.

मग अलॉय कुणी घ्यावं?

अलॉय वाईट आहे असं मी म्हणत नाही. परदेशात बोटीच्या ट्रेलरला अलॉय सर्रास दिसतं. प्रश्न वापराचा आहे. आता मी ग्राहकाला चार प्रश्न विचारल्याशिवाय भावच सांगत नाही.

१. ट्रेलर पाण्यात किती वेळा उतरतो? रोज दोनदा, की महिन्यातून एकदा?
२. चाकं बुडतात का? की रॅम्प चांगला आहे आणि फक्त टायर ओला होतो?
३. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा नळ आणि पाईप आहे का? आणि खरं सांगा, रोज धुणार कोण?
४. ट्रेलर हायवेला धावतो का? की फक्त वाळूत?

रोज समुद्रात, वाळूत, ट्रॅक्टरच्या मागे, धुवायला पाणी नाही, असं असेल तर माझं उत्तर 'अलॉय नको'. अशा ठिकाणी हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड लोखंडी रिम बरी. म्हणजे रिम सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली. त्या जस्ताचा थर नुसत्या झिंक प्लेटिंगपेक्षा कितीतरी जाड असतो, आणि तो झिजत असेपर्यंत लोखंड वाचतं. अशी रिम घेताना दोन गोष्टी बघायच्या. नटाच्या भोकात जस्ताचे गोळे राहिलेले नकोत, आणि रिम फिरवून ती वाकडी झालेली नाही ना, ते तपासायचं.

जो माणूस ट्रेलर गोव्यापर्यंत हायवेने नेतो, महिन्यात दोन-चार वेळा पाण्यात उतरवतो आणि घरी जाऊन धुतो, त्याला अलॉय जरूर द्या. पण पूर्ण पावडर कोटिंगचं. चमकवलेल्या चेहऱ्याचं नको.

बसवायचंच असेल तर आमची आजची पद्धत

ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी हा भाग वहीत लिहून घ्या.

माप: फक्त पीसीडी जुळला म्हणजे चाक जुळलं असं नाही. ४×१०० आणि ४×११४.३ डोळ्यांना सारखेच वाटतात, म्हणून मोजूनच घ्या. ऑफसेट बघा, नाहीतर टायर मडगार्डला किंवा चॅसीला घासेल. मधलं भोक बघा. ट्रेलरच्या हबची ग्रीस कॅप बाहेर आलेली असते, ती चाकाच्या भोकातून मोकळी जायला हवी.

वजन: बहुतेक अलॉयच्या मागच्या बाजूला लोड रेटिंग कोरलेलं असतं. ट्रेलर, मशीन आणि पेट्रोल धरून ६०० किलो होत असेल तर एका चाकावर ३०० किलो. खड्ड्यातला धक्का याच्या वर. आकडा कोरलेला नसेल तर ते चाक विकू नका. टायरचंही लोड रेटिंग याच हिशोबाने बघा.

नट आणि स्टड: अलॉय जाड असतं, म्हणून लोखंडी रिमचा स्टड अलॉयला तोकडा पडू शकतो. नट कमीत कमी स्टडच्या जाडीइतका आत फिरायला हवा. १२ मिमीचा स्टड असेल तर १२ मिमी. नटाची बैठक चाकाच्या बैठकीशी जुळायला हवी. कोनाला कोन, गोलाला गोल. आणि दिसायला छान म्हणून स्टेनलेस लावू नका. योग्य ग्रेडचे, जस्ताचा थर असलेले व्हील नटच वापरा. ते स्वस्त असतात, दर सीझनला बदला.

हब आणि चाक टेकतात ती जागा: वायर ब्रशने गंज पूर्ण काढा. त्यावर अँटी-सीझचा अगदी पातळ हात फिरवा, कारण चाक जाम होतं ते इथेच. पण नटाच्या कोनावर आणि स्टडच्या आट्यांवर लावू नका. तिथे घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. बरेच जण सुचवतात, "मध्ये रबराची किंवा प्लास्टिकची चकती टाका ना, धातू धातूला लागणारच नाही." कधीच टाकू नका. चकती दबते, नट सैल होतात आणि चाक निखळतं.

आवळणं: नट हाताने लावा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्या. १२ मिमीच्या स्टडला साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतात, पण ॲक्सल बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. गॅल्व्हनाइज्ड रिमला तर हे विसरूच नका, कारण जस्त दबतं आणि नट सैल होतो.

बॅलन्सिंग: काठाला ठोकायची वजनं लावू नका. त्यांच्या क्लिपने कोटिंग फुटतं. आतून चिकटवायची वजनं लावा.

बेअरिंग: चाकावर पैसे खर्च करून बेअरिंग विसरणारे खूप आहेत. ट्रेलर लांबून आला की हब गरम असतो. तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. म्हणून आधी हब गार होऊ द्या. मरीन ग्रीस वापरा. जमलं तर स्प्रिंगची ग्रीस कॅप लावा, ती आत थोडा दाब ठेवते.

देखभाल: पाण्यातून काढलं की गोड्या पाण्याने धुवायचं, चाकाच्या मागच्या बाजूनेही. साधा साबण वापरा, ॲसिडचा क्लीनर नको. आणि दर दोन महिन्यांनी चाक एकदा काढून पुन्हा बसवायचं. हे काम छोटं आहे, पण माझं ते चाक जाम झालं ते हे केलं नाही म्हणूनच.

आता हिशोब

ग्राहक विचारतो, "सगळ्यात स्वस्त काय?" तुम्ही उत्तर द्यायचं, "एका सीझनला काय पडतं ते बघू." खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून समजा. तुमच्या गावातले भाव तुम्ही घाला.

- रंगवलेली लोखंडी रिम २,००० ची, रोजच्या समुद्रात एक सीझन टिकली. सीझनला २,०००.
- गॅल्व्हनाइज्ड रिम २,८०० ची, तीन सीझन टिकली. सीझनला साधारण ९३३.
- अलॉय ५,५०० चं, तीन सीझन टिकलं. सीझनला १,८३३. वर सीझनमध्ये दोनदा काढ-घाल आणि सफाईचे ६००. एकूण २,४३३.

बघा, जे सगळ्यात महाग दिसतं ते सगळ्यात टिकाऊ असेलच असं नाही, आणि जे स्वस्त दिसतं ते स्वस्त पडेलच असंही नाही. यात अजून एक ओळ घालायची: चाक अडकलं तर बंद पडलेल्या दिवसाचं नुकसान. काकांच्या बाबतीत ती ओळ बाकी सगळ्या ओळींपेक्षा मोठी होती.

आता माझा स्वतःचा हिशोब. मी काकांना पूर्ण २०,८०० परत दिले. स्टड, हब आणि बेअरिंगचे ३,८०० खर्च केले. तारकर्लीला जाऊन-येऊन आणि मजुरी १,२००. चार चाकांपैकी एक फुटलेलं, बाकीच्यांचं लॅकर सुटलेलं, विकण्यासारखं एकही नाही. म्हणजे चाकांची खरेदी १६,४०० आणि वरचे ५,००० मिळून २१,४०० गेले. एका चाकाला १,१०० नफा धरला तर हे भरून काढायला मला २० चाकं विकावी लागतात. ४,४०० साठी!

आणि जे वहीत येत नाही ते वेगळंच. किनाऱ्यावर बातमी पोचायला वेळ लागत नाही. ज्या तीन ट्रेलरवाल्यांशी माझं बोलणं चालू होतं, ते नंतर आले नाहीत.

यातून मी दुकानात काय बदललं?

पहिलं, डेड स्टॉकचं दुखणं ग्राहकाच्या गळ्यात बांधायचं नाही. आठ महिने पडलेला माल तोट्यात काढणं परवडतं. मी तो सेट ३,००० रुपये चाकाने काढला असता तर नुकसान ४,४०० चं झालं असतं. चुकीच्या माणसाला विकून ते २१,४०० झालं.

दुसरं, तोंडी गॅरंटी बंद. आता प्रत्येक जॉब कार्डवर वापर लिहितो: 'खारं पाणी, रोज' किंवा 'हायवे, कधीतरी पाणी'. त्याखाली मी काय सांगितलं ते, कशाची वॉरंटी आहे, कशाची नाही, आणि पुढची तपासणी कधी. ग्राहकाची सही, माझी सही. यात लपवाछपवी काही नाही. उलट 'याला गंज येऊ शकतो' हे लिहून दिलं की ग्राहकाचा विश्वास वाढतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरं, एकदाच विकण्याऐवजी सीझनची सेवा विकतो. ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरण्याआधी तपासणी, मध्ये दोनदा काढ-घाल, आणि मे अखेर पावसाळ्यासाठी बंद करताना धुऊन, ग्रीस बदलून, ट्रेलर ठोकळ्यांवर. यात चाकामागे मिळतो तसा एकरकमी नफा नाही. पण पैसे दर वर्षी येतात, आणि ग्राहकाचं चाक भरतीच्या वेळी अडकत नाही.

काका परत आले का?

हो, पण लगेच नाही. दोन सीझन दुसरीकडे गेले. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये आले, चार गॅल्व्हनाइज्ड रिमा बसवून घेतल्या. जॉब कार्ड पुढे केलं तर चष्मा लावून अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग सही केली. जाताना डब्याकडे बघून म्हणाले, "हो तुकडो अजून ठेवलंस?" म्हटलं, "काका, तो माझ्यासाठी ठेवलाय."

अलॉय त्यांनी आजही घेतलेलं नाही, आणि मीही त्यांना दाखवलेलं नाही.

आज तुम्ही काय कराल?

वही काढा आणि तीन गोष्टी लिहा.

१. तुमच्या दुकानात सहा महिन्यांपेक्षा जास्त पडलेला माल कोणता? तो कुणाच्या कामाचा नाही, हेही त्याच्यासमोर लिहा.
२. विकताना तुम्ही सवयीने बोलता असं एक 'हमखास' वाक्य. ते पूर्ण खरं आहे का, हे तपासा.
३. भाव सांगण्याआधी ग्राहकाला विचारायचे चार प्रश्न.

टॉर्क पाना कसा वापरायचा आणि हब कसा साफ करायचा, ते पुढच्या व्हिडिओत हाताने करून दाखवतो. जॉब कार्डचा नमुनाही त्यात दाखवीन, तसाच छापून घ्या.

भेटू मग. धंदा सांभाळा, आणि दिलेला शब्द त्याहून जास्त सांभाळा.